दाढ दुखायची थांबली, मग आता कशाला जायचं?

दात-दाढांचे प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमच्या डेंटिस्ट मॅडमची

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून भरपूर प्रश्न आलेत, त्यातले निम्मे तरी फिलिंगचे, म्हणून अख्खी पानं त्यालाच दिली. फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती, तोंडात टॉर्च मारून फोटो काढा, तिघांच्या फोटोत मला नुसता अंधार दिसला आणि एकात फक्त मिशा.

प्रश्न : मॅडम, आम्ही दरसाल ऊसतोडीला जातो. दसऱ्याच्या आधी उजवीकडची खालची दाढ लै ठणकायली म्हणून दवाखान्यात गेलो, डॉक्टर म्हणले नस काढावी लागंल. दोन बैठका झाल्या, वरून पांढरा मसाला भरला आन् पुढच्या आठवड्यात या म्हणले. पण मुकादमाची उचल घेतलेली, गाडी आली, निघावं लागलं. आता चार महिने झाले, दाढ अजिबात दुखत नाही, मसाला मात्र थोडा निघालाय. गावाकडं आल्यावर परत जायचं का, का दुखल तवा बघू? अजून पैसे घालायचं जिवावर येतंय. (केज तालुका)

उत्तर : दादा, जायचं. आणि गावाकडं यायची वाट बघायच्या आधी पण एक काम करायचंय, ते पुढं सांगते.

दाढ दुखत नाही कारण दुखणारी नसच आता आत नाही. राखणीचं कुत्रं मेलं, रात्री भुंकत नाही, म्हणून चोर यायचे थांबले असं थोडंच आहे? तुमच्या दाढेला बहुतेक दोन मुळं आणि त्यात तीन, कधी चार बारीक नळ्या असतात. त्या साफ करून धुऊन झाल्या, पण कायमच्या बंद करायच्या राहिल्यात. वर जो पांढरा मसाला आहे तो कच्चा, नुसता दोन बैठकांच्या मधे झाकण म्हणून घातलेला, त्याचं आयुष्य काही आठवडे. (या कच्च्या मसाल्याला बऱ्याचदा लवंगेचा वास येतो बघा, पेशंटला वाटतं डॉक्टरनं घरगुती काहीतरी घातलं, तर त्यात खरंच लवंगेच्या तेलातलं औषध असतं.) तुमचा तर निघायला पण लागलाय, म्हणजे लाळ, भाकरीचा कण, जंतू सगळं थेट मुळापर्यंत चाललंय आणि तुम्हाला काही कळत नाहीये. मग एक दिवस हिरडीवर पुळी येते, ती फुटते, खारट चव लागते, बरं वाटतं, परत येते. आत हाड झिजत चाललेलं असतं. हे सगळं न दुखता होऊ शकतं, म्हणून तर ‘दुखल तवा बघू’ हा हिशोब या दाढेला लागू नाही.

दुसरी भीती दाढ फुटायची. किडीनं पोखरलेली, वरून औषधासाठी भोक पाडलेली, तिच्या भिंती पातळ झाल्यात. एखादा खडा आला भाकरीत आणि दाढ उभी चिरली मुळापर्यंत, की मग काढण्याशिवाय इलाज राहत नाही. म्हणून पक्कं फिलिंग आणि वर कॅप, मागच्या दाढांना तरी कॅप टाळू नका. पेशंट कॅपला डॉक्टरचा धंदा समजतात, मला तोंडावर म्हणतात, पण कॅप न बसवता फुटून आलेल्या दाढा मी दर महिन्याला काढते आणि काढताना मलाच वाईट वाटतं कारण रूट कॅनल, म्हणजे नस काढायचं काम, चांगलं झालेलं असतं.

आता लगेच करायचं काम. कारखान्याच्या गावात डेंटिस्ट असतोच, एखाद्या दिवशी फड लवकर सुटला की जा आणि एवढंच सांगा, रूट कॅनल अर्धं झालंय, आतलं औषध बदलून वर कच्चं का होईना पण नीट झाकून द्या. फार वेळ लागत नाही, पैसे पण थोडे. तोवर त्या बाजूनं ऊस खाऊ नका, मला माहितीय फडात राहून ऊस न खाणं म्हणजे काय ते, पण डावीकडनं खा. जुना एक्सरे किंवा चिठ्ठी असंल तर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, नवीन डॉक्टरचं काम सोपं होतं.

जबड्याखाली सूज आली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडंना, तर मात्र फड, मुकादम, कुणाचं ऐकायचं नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. ही सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतते.

पैशाचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथं खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो, चकरा मात्र जास्त होतात. आणि पुढच्या वर्षी दाढ दुखली तर दसऱ्याची वाट बघू नका, पावसाळ्यातच या, डॉक्टरला आधीच सांगा की अमक्या तारखेला निघायचंय. पू नसंल तर पुष्कळदा एकाच बैठकीत पण रूट कॅनल उरकता येतं, पण आम्हाला तुमची तारीख कळली तर ना. गाडी दारात उभी राहिल्यावर सांगणारे जास्त.

प्रश्न : येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात गेलो होतो, भज्जी-आंबिल झाल्यावर पोरांना ऊस सोलून द्यायला दात लावला तर समोरच्या दाताचं फिलिंग टपकन निघून आलं. दीड वर्षच झालंय. डॉक्टरनं हलकं मटेरियल वापरलं का? (औसा)

उत्तर : डॉक्टरला दोष द्यायच्या आधी उसाला द्या! समोरच्या दाताला जे दातासारख्या रंगाचं फिलिंग करतात, कॉम्पोझिट म्हणतात त्याला, ते दाताला चिकटवलेलं असतं. आधी दातावर निळं जेल लावतात, ते फॉस्फोरिक ॲसिड, साधारण 37 टक्क्यांचं, पंधरा सेकंद ठेवून धुतात, त्यानं दात बारीक खरखरीत होतो, मग चिकटवायचं औषध, मग मसाला एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही असा थर लावून निळ्या लाइटनं कडक करायचा, परत थर, परत लाइट. हे होताना दात अगदी कोरडा लागतो. पेशंटनं मधेच जीभ लावली किंवा तोंड मिटलं की लाळ गेली तिथं, मग चिकटण कच्ची राहते, आणि हे त्या दिवशी कुणालाच दिसत नाही, दीड वर्षानं उसाला दिसतं. त्यामुळं दोघांपैकी कुणाचं चुकलं ते मी इथं बसून सांगू शकत नाही. पण चांगल्यातलं चांगलं फिलिंग पण खाण्यासाठी असतं, ऊस सोलायला, बाटलीचं झाकण काढायला, सुतळी तोडायला नसतं. परत भरून घ्या, भोक फार मोठं झालं असंल तर डॉक्टर वेगळा उपाय सुचवतील. पुढच्या येळवशीला कोयता सोबत न्या.

प्रश्न : माझ्या दोन दाढांमध्ये कॉलेजात असताना भरलेली चांदी आहे, वीस वर्षं झाली. त्यात पारा असतो आणि तो अंगात भिनतो असं शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात. काढून पांढरं भरून घेऊ का? (परभणी, शिक्षिका)

उत्तर : ताई, पारा असतो हे खरंय, जवळजवळ निम्मा. बाकी चांदी, कथील, तांबं. पण तो या धातूंशी बांधला गेलेला असतो, त्यातून वाफ निघते ती फार थोडी. उलट ते फिलिंग ड्रिलनं काढताना जास्त निघते, म्हणून चांगलं बसलेलं, कडेनं न किडलेलं, न दुखणारं फिलिंग नुसत्या भीतीनं काढू नये, आणि काढताना दाताचा पण थोडा चांगला भाग जातो तो वेगळाच.

नवीन भरताना मात्र आता चांदीचा आग्रह कुणी धरत नाही. पाऱ्याचं प्रदूषण कमी करायचा मिनामाता करार 2017 पासून लागू झालाय, भारत पण त्यात आहे, युरोपियन युनियननं तर 1 जानेवारी 2025 पासून ही चांदी भरणं थोडे अपवाद सोडून बंदच केलंय. यामागं मोठं कारण पर्यावरणाचं आहे, तुमच्या दाढेतून विष गळतंय असं नाही. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना ही चांदी मनातून आवडते हे पण सांगते, ओल्या तोंडात बसायची, वीस-वीस वर्षं टिकायची, तुमचीच बघा की. वर्षातून एकदा कड तपासून घ्या, बास.

प्रश्न : सासूबाई तीस वर्षं मिसरी लावतात. आता हिरडीपाशी दातांना खाचा पडल्यात, नख अडकतं. गार पाणी पिलं की सणक जाते म्हणून त्या अजून मिसरी लावतात. सिमेंट भरून चालंल का? (उदगीर)

उत्तर : चालंल. अशा खाचांना ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरतात, 1972 पासूनचं आहे, दाताला स्वतःहून धरतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. नस उघडी नसंल तर बऱ्याचदा इंजेक्शनची पण गरज नाही, एका बैठकीत चार-पाच दात होतात, पाणी पिताना फरक लगेच कळतो.

पण बोट तसंच घासत राहिलं तर नवीन खाच सिमेंटच्या शेजारी पडणार. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तेवढ्यापुरतं बधिर वाटतं म्हणून दुखतंय-लाव, लाव-दुखतंय असं चक्र सुरू होतं, आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांनी दाढदुखीवर औषध म्हणूनच पहिल्यांदा लावलेली असते. भांडून सुटत नाही हे मला माहितीय, माझ्या आजीची सुटली नव्हती. तुम्ही एक करा, खाचा भरायच्या निमित्तानं त्यांना घेऊन या, म्हणजे गाल, जीभ, ओठाची आतली बाजू बघून होईल. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असंल तर ते आधी, फिलिंग नंतर.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग. वर्गातल्या अजून पाच-सहा पोरांचे तसेच. कीड आहे का? घासून जात नाहीत. आम्ही बोअरचं पाणी उकळून देतो. (किनवट)

उत्तर : वर्गातल्या एवढ्या पोरांचे तसेच, हे तुम्ही लिहिलंत म्हणून सोपं झालं. बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही, पण वर्णन फ्लोराइडच्या डागांचं आहे, किडीचं नाही. हिरडीच्या आत दात घडत असताना, म्हणजे आठ वर्षांच्या आत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की दाताचा वरचा थर कच्चा घडतो. ते बाहेरून लागलेलं नाही म्हणून ब्रशनं जाणार नाही, लिंबू-सोडा-मीठ तर अजिबात घासू नका, चांगला थर जाईल.

उकळण्याचं मात्र उलटं होतंय. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. बोअरचं पाणी तपासून घ्या, ग्रामपंचायतीकडून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतं. आपल्याकडच्या मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसंल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. जास्त निघालं तर प्यायला आणि स्वयंपाकाला आरओचं किंवा दुसऱ्या विहिरीचं पाणी, धाकटं भावंड असंल तर आजपासूनच, कारण मोठ्याचे डाग आता पडून गेलेत, धाकट्याचे अजून वाचतील.

डागांवर इलाज आहे, दवाखान्यात वरचा बारीक थर घासून काढणं, किंवा पुढून कॉम्पोझिटचा पातळ लेप देणं. पण नऊ वर्षांत घाई नको, दात अजून पूर्ण खाली आलेले नसतात. पोरगं शाळेत हसायला लाजत असंल तरच आधी थोडं करून घेऊ.

प्रश्न : बाजारात एक बाई बियांची धुरी देऊन दाढेतली कीड काढून दाखवते, माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या अळ्या पडल्या. मग तुम्ही लोक कीड का नाही काढत? (गेवराई)

उत्तर : दाढेत अळी नसतेच, म्हणून काढत नाही. ‘कीड’ हा नुसता आपला शब्द आहे, दात खातं ते जंतूंनी साखरेपासून बनवलेलं ॲसिड, आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पडलं ते बियांतलं. पुढच्या बाजारी त्या बाईला कुणाचं तोंड न लावता नुसत्या वाटीवर धुरी द्यायला सांगा, तरी अळ्या पडतील.

प्रश्न : फिलिंग करून आठ दिवस झाले, चावलं की त्याच दाढेत कळ येते. परत पैसे घेतील म्हणून गेले नाही. (मंठा)

उत्तर : अहो, आजच जा, याचे सहसा कुणी पैसे घेत नाही. फिलिंग केसभर उंच राहिलं असणार. शेवटी आम्ही निळा कागद दातात धरून ‘चावा, वर लागतंय का?’ विचारतो ना, तेव्हा निम्मा जबडा बधिर असतो, पेशंटला घरी जायची घाई, तो म्हणतो ‘बरंय’. दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना कळतं. परत कागद धरायचा, जिथं गडद ठिपका उठतो तेवढं घासायचं, दोन मिनिटांचं काम. त्यानंही कळ राहिली, किंवा गरम चहानं ठणका लागून थांबतच नसंल, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोचली का ते एक्सरे काढून बघावं लागंल. आणि या वेळी कागदावर चावताना घाई करू नका, दोन्ही बाजूंनी नीट चावून, मग सांगा.