पुदिना झोपलाय का, याचं उत्तर

सई बाळा,

शुक्रवारी रात्री तुझी मैत्रीण आली होती, तुम्हाला सँडविचला हिरवी चटणी हवी होती, तू कात्री घेऊन मागच्या दाराकडे निघालीस आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता नको गं, पुदिना झोपलाय." तुझी मैत्रीण हसली. ते ठीक आहे. पण नंतर तू विचारलंस, "आई, तुला हे खरंच वाटतं, की घरी सगळे म्हणायचे म्हणून तू म्हणतेस?" ते जरा लागलं मला. चिडून विचारलं असतंस तर मीही चिडले असते आणि विषय संपला असता. तू अगदी साधं विचारलंस. मी "फ्रीजमधली कोथिंबीर घे" म्हणून सटकले. आज तू आणि बाबा स्विमिंगला गेलायत तर लिहून टाकते. कुठे अडलीस तर बाबांना विचार, त्यांचंही मराठी वाचन होईल.

आधी खरं ते सांगते. पुदिना झोपत नाही. लाजाळू, चिंच, शिरीष यांची पानं रात्री मिटतात, पुदिन्याचं तसं काही नसतं. लाजाळूची एक गंमत मात्र वाचली मी, 1729 मध्ये मेराँ नावाच्या एका फ्रेंच माणसाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिलं, तर ऊन दिसत नसतानाही त्याची पानं वेळेवर उघडायची आणि वेळेवर मिटायची. म्हणजे घड्याळ आतच. मला लगेच आबा, तुझे आजोबा, आठवले. इंदूरला आपल्याकडे नळ एक दिवसाआड, तोही पहाटे, आणि आबा इथे कॅनडात आले होते तेव्हाही पाचला उठून बाथरूममध्ये बादली लावून बसायचे, आठवतं ना?

तर हा नियम माईचा. माई म्हणजे हॉलमधल्या फोटोतली, माझी आजी. राजेंद्र नगरच्या घरामागे जी जागा आहे, जिथे आता मामाची स्कूटर असते, तिथे तिची बाग होती. बाग म्हणजे काय, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, पारिजातक, एक लिंबू ज्याला मी तरी कधी लिंबू पाहिलं नाही, आणि मधोमध तुळस. दिवे लागले की कुणी कशाला हात लावायचा नाही. फूल नाही, पान नाही, काही नाही. का, तर झोपलीत ती. पण संध्याकाळी अचानक पाहुणे आले आणि फोडणीला कढीपत्ता नसला की माई स्वतःच अंधारात जायची, कढीपत्त्याच्या बुंध्यावर दोन बोटांनी टकटक करायची, "ऊठ बाई, जावई आलेत," म्हणायची आणि मूठभर पानं घेऊन यायची. मी एकदा म्हटलं, मग मीपण उठवून तोडते की मोगरा. तर म्हणे, तुझे कुठले जावई आलेत?

आबांचा विश्वास वगैरे काही नव्हता. ते म्हणायचे, अंधारात बागेत विंचूकाटा असतो, पोरांना ते सांगून ऐकत नाहीत म्हणून झाडं झोपवली. असेलही. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटायची की भेगेत माझा अख्खा पंजा जायचा, आणि त्यात काय बसलंय ते देवाला माहीत. आबांचा खरा देव म्हणजे पाणी. नर्मदा इंदूरला आली 1978 मध्ये, माझ्या जन्माच्या आधी, जवळजवळ 70 किलोमीटरवरून पाणी वर चढवून आणतात, आणि आबा ते आम्हाला असं ऐकवायचे जसं काही ते स्वतः कळशीने घेऊन आलेत. तांदूळ धुतलेलं पाणी जास्वंदीला, भाजी धुतलेलं मोगऱ्याला, नळाचं चांगलं पाणी फक्त तुळशीला. मे महिन्यात हातात अर्धी बादली घेऊन म्हणायचे, "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर." तुझी आजी आतून ओरडायची, पग पग नीर आहे तर माझी भांडी घासायची बादली का नेली?

प्रत्येकाला एक झाड वाटून दिलेलं होतं. मामाला जास्वंद. आबांनी सांगितलं होतं, रोज म्हणजे रोज पाणी घालायचं. तर जुलैत, बदाबदा पाऊस पडतोय, चपलेला किलोभर चिखल चिकटलाय आणि मामा एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोटा, जास्वंदीला पाणी घालतोय. आबा व्हरांड्यातून बघत होते, थांबवलं नाही त्यांनी. नंतर म्हणाले, पोरगा नोकरीत टिकेल. टिकलाय. एकाच ऑफिसात आहे अजून.

पण तुला गराडूची गोष्ट सांगायलाच हवी. गराडू म्हणजे कंद असतो, थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, तळून, वर जीरावण मसाला आणि लिंबू मारून देतात, तू मागच्या वेळी तीन प्लेट खाल्लेस तोच. आबांनी एका वर्षी जूनमध्ये कंपाउंडच्या भिंतीलगत त्याचा तुकडा पुरला. वेल जाळीवर चढला, डिसेंबरात पानं पिवळी पडली, मग रविवारी दुपारी आबा आणि मामा पहार घेऊन बसले. दोन फूट खणलं तरी कंद संपेना, आणि वर तो भिंतीखालून पलीकडे वळलेला. ती भिंत आधीच वाकडी, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तुझी आजी म्हणाली, एका गराडूपायी भिंत पाडाल. तेवढ्यात पलीकडून शेजारचे वकीलसाहेब माकडटोपी घालून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "भिया, ये तो हमारी तरफ आ गया." मग तेही खणायला लागले, त्यांच्या बाजूने. तासभर दोन्हीकडून पहारीचे आवाज, आणि मध्ये मालकीहक्कावर चर्चा, मूळ आमचं पण जमीन त्यांची.

आणि ऐन रंगात आल्यावर माईने तुळशीपाशी दिवा लावला आणि म्हणाली, "आता हात काढा."

आबा म्हणाले, माई, पाचच मिनिटं. नाही म्हणजे नाही. मला वाटलं वकीलसाहेब तरी हसतील, तर त्यांनी पहार भिंतीला टेकवली आणि "माताजी ठीक कह रही हैं" म्हणून घरात गेले. माईने मला सांगून त्या अर्ध्या उघड्या कंदावर पोतं घालून घेतलं, थंडी होती म्हणून. सकाळी तो निघाला, हाताएवढा लांब. अर्धा त्यांचा, अर्धा आमचा. मामाने हाताला तेल न लावता सोलला आणि दिवसभर खाजवत फिरला.

त्या रात्री मी खिडकीतून ते पोतं बघत होते. बस, एवढंच आठवतं, आणि मला ते फार आवडलेलं आठवतं. माईपुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही, पण अंधार पडला की ज्याला तोंड नाही त्याला ती सोडून द्यायची.

आता दुसरी बाजूपण लिहिते, नाहीतर तू म्हणशील आई फक्त गोड गोड सांगते. हीच माई मला महिन्यातले चार दिवस तुळशीजवळ फिरकू द्यायची नाही. तू आता तेरा वर्षांची आहेस, तुला कळतंय मी काय म्हणतेय ते. ते मी आपल्या घरात आणलं नाही आणि आणणारही नाही. मग हाच नियम का आणला? सोयीचं तेवढं उचललं का मी? हो, बहुतेक. बाबा म्हणतात सगळे तेच करतात. मला त्याने फारसं बरं वाटलं नाही.

आणि इथे त्या नियमाला तसा अर्थही उरत नाही. मिसिसॉगाला जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, दिवेलागण म्हणायची कधी? बाग किती दिवसांची, तर मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला रोपं बाहेर काढायची आणि ऑक्टोबरात परत आत. तुझ्या बाबांनी पहिल्या वर्षी एप्रिलमध्येच उत्साहाने टोमॅटो लावले होते, एका रात्रीत काळे पडले, आणि त्यांनी ते आठवडाभर "सावरतील" म्हणून ठेवले होते.

तेव्हा तू पाळायलाच पाहिजे असं काही नाही. खरंच नाही. मी म्हणत राहीन, सवय आहे, तू वाटल्यास डोळे फिरव.

एक काम मात्र आहे. गुरुवारी रात्री तापमान 3 डिग्रीपर्यंत खाली जाणार आहे, तुळस आत आणावी लागेल. सगळ्यात जास्त ऊन तुझ्या खोलीच्या खिडकीत येतं. तिथे ठेवू का? तुला अडचण होणार असेल तर सांग, मी लाँड्रीजवळ दिवा लावून ठेवीन, मागच्या वर्षी जगली होती तशी.

आणि पुदिना तू त्या रात्री तोडलासच, मला सकाळी दिसलं. शेंडे खुडलेस ते बरं केलंस, त्याने फुटवा चांगला येतो. टकटक केली होतीस का?

आई