कॅनडातल्या एडमंटनची थंडी, बंद पडलेली गाडी आणि सोबत पोरं

अगं पहिलाच हिवाळा ना तुझा इथे, मग आधी बघ की ब्लॉक हीटरची (म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) वायर बोनेटमधून पुढे आलीय का, उणे १५ च्या खाली गेलं की ती प्लगला लावायची, निघायच्या आधी निदान ३-४ तास तरी. थंडीत बॅटरीचा जीव जातो आणि ऑइल घट्ट होतं, मग चावी फिरवली की नुसतं टकटक.

आमच्या दोन्ही गाड्या एकाच सकाळी बसल्या होत्या, उणे ३४, धाकटा कार सीटमध्ये बांधलेला आणि त्याच्या श्वासाने काचेवर आतून बर्फ धरायला लागला, मला रडूच फुटलं. तेव्हापासून गाडी सुरू झाल्याशिवाय पोरांना दाराबाहेर काढतच नाही. आणि हो, जाड जॅकेट घालून सीटचे पट्टे लावू नकोस, ते सैल राहतात, पट्टे लावून वरून ब्लँकेट टाक.

जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायच्या वायरी, डिकीत हवीच. लाल दोन्हीकडे प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र हातच लावू नको, गोठलेली असते, फुटू शकते.

रस्त्यात अडकलीस तर मुलांना घेऊन चालत निघू नकोस गं, गाडीतच थांब, इंजिन चालू होत असेल तर मधूनमधून १० मिनिटं लाव, पण आधी सायलेन्सरसमोरचा बर्फ काढ, नाहीतर विषारी धूर आत येतो. ब्लँकेटं, जादा हातमोजे, खाकरा-चिक्की मी ऑक्टोबरमध्येच डिकीत टाकते. फोन खिशात अंगाशी ठेव.