निवेदक वर्णद्वेषी बोलला. तक्रार कुठे, कधी, कशी?

ऑकलंडमध्ये प्रसारणाच्या तक्रारींचं काम मी बरीच वर्षं करते आहे. वाचकांच्या पत्रांत एक प्रकरण पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी चुकीच्या तपशिलांसह येतं. म्हणून आधी ते थोडक्यात सांगते.

४ ऑक्टोबर २०१० रोजी न्यूझीलंडच्या सरकारी मालकीच्या टीव्हीएनझेडवर 'ब्रेकफास्ट' या कार्यक्रमात निवेदक पॉल हेन्री पंतप्रधान जॉन की यांची मुलाखत घेत होता. गव्हर्नर-जनरल सर आनंद सत्यानंद हे न्यूझीलंडचे तरी आहेत का, असं त्याने विचारलं. पुढच्या वेळी न्यूझीलंडच्या माणसासारखा दिसणारा आणि बोलणारा कोणी निवडणार का, असंही विचारलं. त्याच सुमारास त्याची आणखी एक चित्रफीत गाजली. तीत तो दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांच्या आडनावाचा मुद्दाम अश्लील वाटेल असा उच्चार करून हसत होता. दिल्लीत तेव्हा राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा सुरू होत्या. भारत सरकारने न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला. हेन्रीला आधी दोन आठवडे बिनपगारी निलंबित केलं होतं. १० ऑक्टोबरला त्याने राजीनामा दिला.

आता प्रश्न.

शीला दीक्षित यांचा अपमान करणारा व्हिडिओ काल ग्रुपवर आला. तक्रार कुठे करू? (नाशिक)

कुठेही नाही. व्हिडिओ २०१० चा आहे, तक्रारीची मुदत कधीच संपली आणि शीलाताई २०१९ मध्ये गेल्या. कृपया तो पुढे पाठवू नका.

सत्यानंद मूळचे फिजीचे होते असं ऐकलं. मग 'ते न्यूझीलंडचे आहेत का' हा प्रश्न इतका चुकीचा कसा? (ठाणे)

'ऐकलं' इथेच सगळं बिघडतं. सत्यानंद यांचा जन्म १९४४ साली ऑकलंडमध्ये झाला. फिजीत जन्मले ते त्यांचे आई-वडील, आणि घराण्याची मुळं भारतातली. ते वकील होते, न्यायाधीश होते, दहा वर्षं ऑम्बुड्समन, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारे अधिकारी होते, मग २००६ मध्ये गव्हर्नर-जनरल झाले. प्रश्न जन्मस्थळाचा असता तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं. हेन्री 'दिसणारा आणि बोलणारा' म्हणाला, आणि त्यातून कातडीचा रंग आणि नाव याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

गंमत केली म्हणून माणसाची नोकरी गेली, हे अती नाही का झालं? (वेलिंग्टन)

घटनांचा क्रम पाहा. पहिल्या दिवशी वाहिनीने माफी मागितली नाही. उलट, लोक मनात म्हणतात पण बोलायला घाबरतात ते हा बोलतो, म्हणून तो प्रेक्षकांना आवडतो, असं वाहिनीच्या प्रवक्त्या म्हणाल्या. लोक खरे भडकले ते या वाक्यावर, कारण त्यात सगळ्या देशालाच त्या शेऱ्यात ओढलं होतं. मग माफी आली, निलंबन आलं, दिल्लीहून निषेध आला. वाहिनीने त्याला काढलं नाही, राजीनामा त्याने दिला. आणि पुढे काही वर्षांत तो दुसऱ्या वाहिन्यांवर परतलाही.

विनोदाला इथे मुभा आहे, खरं मत मांडायलाही आहे. कुठली टिप्पणी रेषेपलीकडे गेली हे पूर्ण कार्यक्रम पाहिल्याशिवाय मी सांगत नाही. तुम्हीही दहा सेकंदांच्या तुकड्यावरून सांगू नका.

रेडिओवर एका निवेदकाने भारतीय डेअरीवाल्यांच्या (इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान) बोलण्याची नक्कल करून घाणेरडं काही म्हटलं. आम्ही लगेच ऑनलाइन याचिका काढली, अठराशे सह्या झाल्या. तीन आठवडे झाले, काहीच हालचाल नाही. आता पुढे काय? (ऑकलंड)

आज कुठला वार आहे ते पाहा आणि प्रसारणाच्या दिवसापासून कामाचे दिवस मोजा. न्यूझीलंडमध्ये औपचारिक तक्रार प्रसारणापासून कामाच्या २० दिवसांत करावी लागते. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरही तुमच्या हातात बहुधा थोडे दिवस आहेत. हे वाचून झाल्यावर लगेच बसा.

यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण चांगल्या तक्रारी मुदतीअभावी वाया गेलेल्या मी फार पाहिल्या आहेत. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. सकाळी मुलांना शाळेत सोडताना सिग्नलला गाडी उभी असताना त्यांनी ते वाक्य रेडिओवर ऐकलं होतं. मागे बसलेल्या मुलाने विचारलं, "आई, हे आपल्याबद्दल बोलतायत का?" त्यांच्या फोनमध्ये चाळीसेक स्क्रीनशॉट होते. कोण किती चिडलं, कोणी कुणाला काय उत्तर दिलं, सगळं होतं. कार्यक्रम कधी लागला, नेमके शब्द काय होते, हे एकातही नव्हतं. आणि त्या आल्या होत्या कामाच्या तेविसाव्या दिवशी. मला त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं. तो दिवस मी विसरलेले नाही.

याचिका म्हणजे तक्रार नव्हे. अठराशे सह्यांनी वाहिनीवर दबाव येतो, बातमी होते, पण मुदतीचं घड्याळ थांबत नाही. कायद्याला एक माणूस पुरतो. तक्रारीत वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ, जमेल तितके नेमके शब्द आणि प्रसारणाच्या आचारसंहितेतला कुठला निकष मोडला ते लिहा. ती आधी प्रसारकाकडेच पाठवायची असते. त्यांना उत्तरासाठी कामाचे २० दिवस मिळतात. उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून कामाच्या २० दिवसांत ब्रॉडकास्टिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटी या प्रसारणाच्या नियामक संस्थेकडे जायचं. १९८९ च्या प्रसारण कायद्याने हीच वाट ठरवली आहे.

निकष निवडताना लोक हमखास चुकतात. 'भेदभाव आणि बदनामी' हा निकष समाजगटासाठी आहे, एका व्यक्तीसाठी नाही. सत्यानंद यांच्यासारख्या एका माणसावरचा शेरा असेल तर 'न्याय्य वागणूक' या निकषाचाही विचार करावा लागतो. तुमच्या बाबतीत गट स्पष्ट आहे. तरी मसुदा पाठवण्याआधी कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये दाखवून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. नियम बदलतात, म्हणून ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावरची मुदतही पुन्हा तपासा.

आणि कार्यक्रमाचं मूळ रेकॉर्डिंग शोधा. वाहिन्या ते आपल्या साइटवरून काढून टाकतात. मग ग्रुपवरचा कापलेला तुकडा तेवढा उरतो आणि 'संदर्भ सोडून घेतलंय' म्हणायला त्यांना मोकळं रान मिळतं.

एक संस्था तक्रार दाखल करून द्यायचे चारशे डॉलर मागते आहे. द्यावेत का? (ऑकलंड)

अजिबात नाही. तक्रार फुकट आहे आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. याचिकेच्या पानावर सहीनंतर 'आणखी लोकांपर्यंत पोचवण्यासाठी' म्हणून जे पैसे मागतात, तेही तक्रारीच्या कामाला येत नाहीत.

नुकसानभरपाई मिळेल का? (क्राइस्टचर्च)

अशा शेऱ्यासाठी नाही. ऑथॉरिटी भरपाई देववते ती खासगीपणाच्या भंगासाठी, तीही ५,००० डॉलरपर्यंत.

जाहिरातदारांना पत्रं लिहिली तर लवकर परिणाम होतो म्हणे. मग तक्रारीच्या भानगडीत पडायचंच कशाला? (न्यू जर्सी)

परिणाम होतो, हे खरं. तुमच्याच राज्यातलं उदाहरण घ्या. ४ एप्रिल २००७ रोजी रेडिओ निवेदक डॉन आयमस याने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वर्णद्वेषी आणि बायकांना हिणवणारे शब्द वापरले. मोठे जाहिरातदार बाजूला झाले आणि १२ एप्रिलला सीबीएस या त्याच्या प्रसारण कंपनीने त्याला काढलं. आठ दिवसांत सगळं उरकलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दुसऱ्या रेडिओवर परत आला.

२००७ च्याच जानेवारीत ब्रिटनमध्ये शिल्पा शेट्टीचं प्रकरण झालं. चॅनल फोरवरच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये सहस्पर्धकांनी तिच्यावर वर्णद्वेषी शेरे मारले होते. तिथेही प्रायोजक कंपनी मागे हटली. पण त्याबरोबर ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामकाकडे ४४,५०० हून अधिक तक्रारी गेल्या, चौकशी झाली, आणि आपण नियम मोडले हे चॅनल फोरला स्वतःच्या पडद्यावर जाहीर करावं लागलं. जाहिरातदार आपला माल सांभाळतो, हवा पालटली की परत येतो. नियामकाचा निर्णय मात्र कागदावर राहतो आणि पुढच्या तक्रारदाराला तो दाखवता येतो. पत्रं जरूर लिहा, पण तक्रार आधी पाठवा.

आपल्याकडच्या एका वृत्तवाहिनीवर निवेदकाने ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरून विनोद केला. इथे काय करता येतं? (पुणे)

हा प्रश्न पुण्याहून आला याचं मला बरं वाटलं. दुसऱ्या देशातल्या निवेदकावर आपण तुटून पडतो, पण आपल्या शहरात शिकायला आलेल्या मणिपूरच्या मुलाला जे ऐकावं लागतं त्याबद्दल मला फार थोडी पत्रं येतात. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया मारहाणीनंतर मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीसाठी वेगळी कलमं सुचवली होती.

वाट अशी आहे. केबल टेलिव्हिजनच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करा. तिने १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे, आणि शेवटी केंद्र सरकारकडे. संस्थांच्या स्वतःच्या मुदती याहून कमी असू शकतात, म्हणून त्याच आठवड्यात लिहा. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं) लावायचं असेल तर पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि ज्या विद्यार्थ्यांबद्दल ते बोललं गेलं, त्यांना विचारल्याशिवाय काही करू नका.

आमचं आडनाव दीक्षित. मुलगी अकरा वर्षांची आहे. वर्गातल्या मुलांना तो जुना व्हिडिओ सापडला आणि आता हजेरीच्या वेळी हसतात. ती म्हणते, शाळेत फक्त पहिलं नाव लावूया. (हॅमिल्टन)

टीव्हीची तक्रार इथे उपयोगाची नाही, शाळेची करा. कुठल्या दिवशी, कोण, काय म्हणालं हे तिच्याकडून शांतपणे ऐकून लिहून काढा. वर्गशिक्षिकेला फोनवर न सांगता ईमेल करा, म्हणजे तारीख राहील. आठवड्यात उत्तर आलं नाही तर मुख्याध्यापक, मग शाळेचं बोर्ड. तिथेही दाद लागली नाही तर ह्यूमन राइट्स कमिशनशी बोला, त्यांची मध्यस्थी विनामूल्य असते. तिची झोप किंवा जेवण कमी झालं असेल तर थांबू नका, शाळेच्या समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची वेळ घ्या.

नाव बदलण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका, पण तिला त्यासाठी रागावूही नका. शिक्षिकेला भेटायला जाल तेव्हा मुलीला बाहेर बसवा आणि हजेरीत नाव कसं घ्यायचं ते त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. दी-क्षित. पहिलं अक्षर लांब आहे, हेही सांगा.