मॉर्मन शेजारच्या आजी शेवटच्या आजारात आहेत. त्यांना मॉर्फीन चालतं का? भेटायला जावं का, काय बोलावं?

जरूर जा. मी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत हॉस्पिस नर्स आहे, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेते. मॉर्मन, म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या ख्रिस्ती पंथाच्या, बऱ्याच घरांत माझं येणं-जाणं असतं.

आधी तुमची मॉर्फीनची, म्हणजे दुखण्यावरच्या तीव्र औषधाची शंका. चहा-कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे, पण डॉक्टरांनी दिलेलं दुखण्यावरचं औषध चालतं. मरण मुद्दाम जवळ आणणं त्यांच्या चर्चला मान्य नाही. मात्र उपयोग नसताना उपचार ताणत राहायची सक्तीही नाही. घरचे प्रार्थना करून, डॉक्टरांशी बोलून ठरवतात. म्हणून 'अजून एका डॉक्टरांना दाखवून बघा ना' असं कृपा करून म्हणू नका. ते मन घट्ट करूनच इथवर आलेले असतात.

तुम्ही तिथे असताना दोन पुरुष आशीर्वाद द्यायला आले, तर शांत बसून राहा. एका घरी मी हे जवळून पाहिलं. एकाने किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली पेराएवढी कुपी उघडली, ऑलिव्ह तेलाचा थेंब आजोबांच्या टाळूला लावला. मग दोघांनी डोक्यावर हात ठेवून, त्यांचं पूर्ण नाव घेऊन प्रार्थना केली. सकाळपासून चादर चिमटत असलेली आजोबांची बोटं तेवढा वेळ थांबली होती. त्यांच्यात पगारी पुजारी नसतात. आलेल्यांपैकी एक आजोबांचा मुलगा होता, दुसरा शेजारी.

चर्चच्या खास मंदिरातले विधी केलेल्यांना मृत्यूनंतर मंदिराचा पांढरा पोशाख चढवतात. बाईला बहुधा घरच्या किंवा रिलीफ सोसायटीच्या (चर्चमधल्या महिला संघटनेच्या) बायकाच नेसवतात. ते त्यांच्यासाठी फार पवित्र आहे, त्याची चौकशी करू नका. बहुतेक जण दफन करतात, दहनाला मनाई नाही. शेवटी कबरीपाशी प्रार्थना करून ती जागा देवाला अर्पण करतात.

मंदिरात 'सीलिंग', म्हणजे कायमचं जोडण्याचा विधी, झालेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. 'आम्ही पुन्हा भेटू' हे ते मनापासून म्हणतात. पण म्हणून दुःख कमी असतं असं समजू नका. गेलेल्यांसाठी रडा, असं त्यांच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या धर्मग्रंथाच्या ४२व्या प्रकरणातच सांगितलंय. आजींची लेक रडली तर तिला रडू द्या.

आजी जाग्या असतील तर हात धरून दोन मिनिटं बसा. घरच्यांसाठी डबा न्या, साधा वरण-भातही चालेल. थर्मासमधून चहा मात्र नेऊ नका.