‘शी फक्त डायपरमध्येच करतो’: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत लहान मुलांच्या शी-शूचा विषय इतक्यांदा आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : मुलगी २२ महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, त्यांची मुलं वर्षाच्या आत ‘सांगायला’ लागली होती. जूनपासून प्लेग्रुप आहे, तिथे डायपर चालत नाही. दर वीस मिनिटांनी पॉटीवर बसवते, पण उठली की लगेच चड्डीत शू करते. आम्ही उशीर केला का?

उशीर झालेला नाही. सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. फक्त तेव्हा सांगायचं बाळ नव्हे, वेळ सांभाळायची मोठी माणसं. बाळ झोपून उठलं, दूध प्यायलं की पायांवर धरायचं आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करायचं. हातानेच लंगोट धुवायचे असल्यावर एवढं लक्ष राहतंच! मुलाने आपणहून ओळखणं, जागेवर जाईपर्यंत थांबणं आणि चड्डी खाली करणं ही पुढची गोष्ट. ती बहुतेकांना दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जमू लागते.

मुलगी दिवसा सलग दोन तास कोरडी राहते का, शी येताना खेळ थांबवून कोपऱ्यात जाते का, ‘चड्डी काढ, इथे बस’ एवढं सांगितलेलं तिला कळतं का, हे आठवडाभर पाहा. दोन तास कोरडं राहत नसेल, तर महिनाभर थांबा.

दर वीस मिनिटांनी बसवणं मात्र आजच बंद करा. मूत्राशय भरल्याची जाणीव व्हायच्या आतच ते रिकामं करवलं, तर ती जाणीव ओळखायला मूल शिकणार कधी? शिवाय बळेच बसवलेलं मूल अंग आवळून बसतं. उठल्यावर स्नायू सैल पडतात आणि तिथेच शू होते, त्यात खोडसाळपणा काही नसतो. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर, आंघोळीआधी, बाहेर जाताना आणि झोपण्यापूर्वी, एवढ्याच ठरलेल्या वेळा ठेवा. मध्ये अंतर दीड-दोन तासांचं आणि बसणं दोन-तीन मिनिटांचं. झाली नाही तर उठू द्या.

घरात असताना दिवसा डायपर पूर्ण काढा. आज आहे, उद्या नाही, असं केलं की मुलाचा गोंधळ होतो. इलॅस्टिकच्या सुती चड्ड्या आठ-दहा लागतील. बटणं, नाड्या, डंगरी नकोत. चड्डीत झाली तर ‘शू चड्डीत झाली, ती पॉटीत करायची’ एवढंच म्हणा आणि पॉटीजवळ नेऊन कपडे बदला. आजी ‘शी’ म्हणते, पाळणाघरात ‘टू’ म्हणतात, असं असेल तर सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा. एप्रिल-मेमध्ये सुरुवात केलीत तर चड्ड्याही वाळतील.

प्रश्न : मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा. शू व्यवस्थित पॉटीत करतो. शीसाठी मात्र डायपर मागतो आणि पडद्यामागे उभा राहून करतो. डायपर नाही दिला तर तीन-चार दिवस करतच नाही. हल्ली चड्डीला थोडी पातळ शीही लागते. जुलाब म्हणून दूध-भात चालू केला आहे.

दूध-भात थांबवा. तुम्ही लिहिता त्यावरून हा जुलाब वाटत नाही, बद्धकोष्ठ वाटतं. बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.

होतं असं : एकदा कधीतरी शी कडक झाली आणि दुखली. मुलाने ठरवलं, आता करायचीच नाही. रोखून धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. आठवडेच्या आठवडे असं चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून मोठं होतं आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. मुलाला ती कळत नाही, म्हणून रागावून उपयोग नाही.

पडद्यामागे तो काय करतो, ते नीट पाहा. चवड्यांवर उभा, पाय एकमेकांत अडकवलेले, ढुंगण आवळलेलं, चेहरा लाल, हाताने पडदा घट्ट धरलेला, असं असेल तर तो कुंथत नाही, शी आत ढकलतो आहे. घरची मंडळी नेमकी याच वेळी ‘जोर लाव’ म्हणतात.

पहिलं काम साठलेलं बाहेर काढणं. त्यासाठी डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड किंवा लॅक्टुलोजचं सिरप वजनाप्रमाणे देतात. पोट साफ झालं तरी औषध निदान दोन महिने, बरेचदा त्याहून जास्त चालतं, कारण ताणलेलं गुदाशय मूळ आकाराला यायला वेळ लागतो. ‘सवय लागेल’ या धास्तीने आठ दिवसांत औषध बंद करणं, हे दुखणं उलटायचं सगळ्यात नेहमीचं कारण. शी रोज आणि पिकलेल्या केळ्यासारखी मऊ झाली की मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल हे घरच्या घरी करू नका. गुदद्वाराशी झालेली प्रत्येक जबरदस्ती ती भीती पक्की करते.

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर नको. दुधाने पोट भरलेलं मूल भाकरी-भाजी खात नाही, खरा घोटाळा तिथे आहे. अन्नातल्या तंतूंचा (फायबरचा) रोजचा ढोबळ हिशेब म्हणजे वय अधिक ५ ग्रॅम. तुमच्या मुलाला साधारण ८ ग्रॅम. एका मध्यम पेरूत यातला निम्म्याहून जास्त वाटा मिळतो. त्याखेरीज पपई, भिजवलेल्या मनुका, मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, आणि सोबत पाणी किंवा पातळ ताक. बिस्किटं आणि मैद्याचे पदार्थ सध्या बाजूला ठेवा.

शी मऊ होऊन दोन-तीन आठवडे दुखलं नाही, की मगच डायपरकडे वळा. तोवर मागेल तेव्हा डायपर द्या. शी रोखण्यापेक्षा डायपर परवडला. नंतर पायऱ्या अशा : आधी डायपर घालूनच, पण बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर घालून पॉटीवर बसून. मग डायपर सैल करून. मग तोच डायपर पॉटीच्या भांड्यात अंथरून, आणि शेवटी नुसती पॉटी. प्रत्येक पायरीवर तो निवांत होईपर्यंत थांबा, अडला तर एक पायरी मागे या.

दिवसातून दोनदा, जेवणानंतर २० ते ३० मिनिटांच्या आत पाच मिनिटं बसवा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोड वापरत असाल तर पायाखाली स्टूल हवंच. कमोडची बैठक साधारण ४० सेंटिमीटर उंच असते, मुलाचे पाय लोंबकळतात आणि लोंबत्या पायांनी खालचे स्नायू सैल सुटत नाहीत. २० सेंटिमीटरच्या आसपासचं स्टूल ठेवलं की गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतात. बसल्यावर पिपाणी वाजवायला द्या. फुंकताना पोटावर आपोआप दाब येतो आणि ‘जोर लाव’ म्हणावं लागत नाही. मोबाइल देऊ नका, मूल बसतं खरं, पण कशासाठी बसलंय ते विसरतं.

प्रश्न : गावी आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे. अडीच वर्षांचा मुलगा आत पडेन म्हणून रडतो.

त्याची भीती रास्त आहे. पावलं ठेवायच्या जागांमधलं अंतर मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. सध्या छोटी पॉटी संडासातच ठेवा, त्यातली शी त्याच्यासमोर संडासाच्या भांड्यात ओता आणि पाणी त्याला टाकू द्या. मग समोरून दोन्ही हात धरून उकिडवं बसवा. फरशी कोरडी, दिवा लागलेला, दार उघडं. धुताना जेट स्प्रे नको, मगातलं कोमट पाणी बरं. उकिडवं बसणं एकदा जमलं की कमोडपेक्षा सोपंच जातं.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी शू करून उठते आणि दहा मिनिटांत चड्डी पुन्हा ओली होते. अधूनमधून जळजळतं म्हणते.

चड्डी गुडघ्यापाशी ठेवून, मांड्या मिटून बसते का ते पाहा. तसं बसलं की थोडी शू योनीमार्गात साठते आणि उठल्यावर गळते. चड्डी घोट्यापर्यंत उतरवा, पाय फाकवून, किंचित पुढे वाकून बसू द्या. घाई न करता पूर्ण होऊ द्या. धुणं आणि पुसणं नेहमी पुढून मागे. शी रोज होते ना, तेही विचारा. भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाबतं आणि शू पूर्ण होत नाही. जळजळ मात्र अंगावर काढू नका, लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू शोधायची चाचणी) करून घ्या. ताप असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न : दिवसा सगळं सांगतो, पण साडेचार वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओलं करतो.

पाच वर्षांपर्यंत याला उपचार लागत नाही. रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक (हार्मोन) काही मुलांत उशिरा जोर धरतं. आई किंवा वडिलांनाही लहानपणी हे असेल तर बहुधा तेच कारण. अकराला अर्धवट झोपेत उचलून नेल्याने गादी वाचते, मूल त्यातून शिकत नाही. चादरीखाली रबरी शीट, वर दुपटं, झोपण्याआधी एकदा शू, आणि पाण्याचा भर दिवसा. पण आधी सहा महिने रात्री कोरडा राहणारा मुलगा पुन्हा ओलं करू लागला, सतत पाणी मागू लागला किंवा वजन उतरलं, तर लगेच रक्तातली साखर तपासा.