डेटा सेंटर येऊ द्यावे, पण नोकऱ्यांच्या बोलीवर नव्हे

आपण विचारले आहे की, आपल्या शहराच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्याच्या भूखंडावर तीस मेगावॅटचे डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सर्व्हर-संगणकांचे केंद्र, येऊ घातले आहे, त्यावरून नगरसेवक आणि लघुउद्योजक यांच्यात दोन तट पडले आहेत आणि मुंबई परिसरात अशी केंद्रे आधीपासून असल्यामुळे इथल्या कुणीतरी अनुभवाने सांगावे. मी मुलुंडला राहतो आणि नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात उच्चदाब विजेची कामे ठेक्याने घेतो. पूर्वी ती फक्त कारखान्यांची असत, आता डेटा सेंटरांचीही असतात. म्हणजे माझे पोट काही अंशी याच धंद्यावर आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

माझ्या मते परवानगी द्यायला हरकत नाही. परंतु ती रोजगाराच्या आश्वासनावर देऊ नये. याच पट्ट्यातल्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा १९६०च्या दशकापासून रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले, तेव्हा पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. त्यांतल्या काही जागांवर आज बिनखिडक्यांच्या उंच इमारती आहेत. त्यांच्या फाटकातून बांधकामाची दोन-तीन वर्षे सरली की पाळीला सुरक्षारक्षक, सफाई कामगार, वातानुकूलन व विजेचे तंत्रज्ञ आणि मोजके अभियंते एवढीच माणसे आत-बाहेर करतात. सर्व्हर चालवणारी माणसे बहुधा दुसऱ्याच शहरात बसलेली असतात. त्यामुळे 'स्थानिकांना इतके टक्के नोकऱ्या' ही अट घालून सभागृहात टाळ्या मिळतील, पण शंभर-दीडशे माणसांच्या टक्केवारीतून शहराच्या हाती फारसे काही लागणार नाही. मागायचे ते वीज, पाणी, धूर आणि कर यांबाबत मागावे.

त्यात वीज सगळ्यांत महत्त्वाची. तीस मेगावॅट हा फक्त सर्व्हरचा भार आहे की इमारतीचा एकूण भार आहे, हे आधी लेखी विचारावे. आपल्याकडच्या दमट हवेत सर्व्हर थंड ठेवण्यासाठी आणि यूपीएसच्या (वीज गेली तरी पुरवठा तुटू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गळतीपोटी बरीच जास्तीची वीज लागते, त्यामुळे सर्व्हरचा भार तीस असेल तर एकूण मागणी चाळीस मेगावॅटच्याही वर जाऊ शकते. एक मेगावॅट भार वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट होतात. तीस मेगावॅटचे २६ कोटींहून जास्त. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या सुमारे एक लाख दहा हजार घरांना ती वीज वर्षभर पुरेल. अर्थात केंद्र पहिल्याच दिवशी पूर्ण भाराने चालत नाही, टप्प्याटप्प्याने भरते आणि त्यात काही वर्षे जातात. गोम नेमकी इथेच आहे. भार मंजूर करून घेतला जातो पूर्ण क्षमतेचा, प्रत्यक्ष वापर असतो त्याच्या अंशाचा, आणि मधल्या काळात शेजारचा उद्योजक वाढीव भार मागायला गेला की त्याला उपकेंद्राची क्षमता संपल्याचे सांगण्यात येते. माझ्या ओळखीच्या एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांनी नवे यंत्र आणून ठेवले आणि वाढीव भार मिळेपर्यंत ते ताडपत्रीखाली झाकून ठेवावे लागले. म्हणून कंपनीने आपल्या खर्चाने स्वतंत्र अतिउच्चदाब उपकेंद्र आणि वाहिनी उभारावी, आणि ठरलेल्या मुदतीत न वापरलेला मंजूर भार परत करावा, या दोन बाबतींत लघुउद्योजकांच्या संघटनेने अजिबात माघार घेऊ नये. 'आम्ही हरित वीज वापरतो' या वाक्यावर विसंबू नये. दूरच्या सौरप्रकल्पाशी करार केला तरी रात्रीची वीज ग्रिडमधूनच येते. हा प्रश्न श्रीमंत देशांनाही सुटलेला नाही. सिंगापूरने २०१९पासून काही वर्षे नव्या केंद्रांना परवानगीच थांबवली होती, आणि आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजलेल्या एकूण वीजवापराचा पाचवा हिस्सा डेटा सेंटरांकडे गेला.

पाण्याचा हिशेब विजेशी जोडूनच करावा लागतो, तो वेगळा काढला की फसगत होते. बाष्पीभवनावर चालणारे कूलिंग टॉवर बसवले तर सर्व्हरच्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने पावणेदोन लिटर पाणी धरावे. तीस मेगावॅटसाठी ते दिवसाला बारा-तेरा लाख लिटर, म्हणजे दहा हजारी सव्वाशे टँकर होतात. हवेवर थंड होणारे चिलर (शीतकरण यंत्रे) बसवले तर पाणी जवळजवळ लागत नाही, पण तेच काम करायला वीज जास्त जाते. कंपनी पाणी वाचवल्याची जाहिरात करील तेव्हा विजेचा आकडा मागावा आणि विजेची करील तेव्हा पाण्याचा. ज्या गावात उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येते, तिथे धरणाचे पाणी कूलिंग टॉवरला देणे मला पटत नाही. नवी मुंबई महापालिकेने सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना पुरवण्यासाठी ऐरोली आणि कोपरखैरणे येथे प्रत्येकी दोन कोटी लिटर क्षमतेची केंद्रे उभारली. तुमच्या शहरात तशी सोय नसेल तर ती उभारण्याचा खर्च याच कंपनीकडून मागता येईल, कारण तिला बारमाही आणि खात्रीचे पाणी हवे असते आणि सांडपाणी बारमाही असते.

डिझेल जनरेटरविषयी सहसा कुणी विचारत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हाही बँकांचे सर्व्हर चालू राहावेत यासाठीच ही यंत्रे असतात. तीस मेगावॅट भाराला तासाला साडेसात-आठ हजार लिटर डिझेल लागते आणि आवारात एक-दोन दिवस पुरेल इतका साठा ठेवतात. त्यामुळे अग्निशमन दलाकडे तशी तयारी आहे का, हे आधीच पाहावे. वीज गेली नाही तरी चाचणीसाठी ही यंत्रे ठरावीक काळाने चालवावीच लागतात. चाचणीच्या वेळी मी आवारात उभा राहिलो आहे. आधी स्टार्टरचा आवाज, मग काळ्या धुराचा एक लोट, आणि भार चढला की पायाखालची फरशी थरथरू लागते. ध्वनीच्या नियमांनुसार औद्योगिक क्षेत्रात रात्री ७० डेसिबल चालतात, निवासी क्षेत्रात ४५. पारसिकच्या डोंगराकडच्या वस्त्यांसारखी घरे कुंपणाला लागूनच असली तर ही रेघ कागदावरच राहते. शिवाय १ जुलै २०२३पासून आलेले धुराचे कडक निकष ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना आहेत आणि डेटा सेंटरमधली यंत्रे बहुधा त्याहून मोठी असतात. म्हणून चाचणी दिवसा, आधी कळवून आणि एका वेळी एकाच यंत्राची, असे लिहून घ्यावे.

मुंबईचे उदाहरण मात्र जपून वापरावे. इथे समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालये इथे आहेत, आणि पैसे भरण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये काढल्यावर मागणी आणखी वाढली. यांतले काहीच नसताना कंपनी तुमच्याकडे येत असेल, तर ती स्वस्त जमीन, वीज आणि सवलती यांसाठीच येत असणार. त्यात गैर काही नाही, पण मग घासाघीस करताना संकोच कशाला?

कराचे सांगायचे तर जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, पालिकेच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर उरला. तो इमारतीवर बसतो, आतल्या कोट्यवधींच्या सर्व्हरवर नाही. राज्याच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना वीज शुल्काची सवलत आहे, तेव्हा कर आकारताना पालिकेने वर आणखी सूट देऊ नये.

शेवटी अधिकाराचा प्रश्न. एमआयडीसीच्या हद्दीत विशेष नियोजन प्राधिकरण औद्योगिक विकास महामंडळच (एमआयडीसी) असते, त्यामुळे बांधकामाचा नकाशा तेच मंजूर करते. पालिकेच्या सभेत ठराव कितीही जोरदार झाला तरी त्याने परवानगी थांबत नाही. मात्र भूखंड भाडेपट्ट्याने दिलेला असल्यामुळे जुन्या कारखान्याकडून कंपनीकडे जाताना त्याच्या हस्तांतरणाला महामंडळाची संमती लागते. वरच्या अटी त्या संमतीपत्रात याव्यात यासाठी पालिका आणि उद्योजक संघटना यांनी प्रादेशिक अधिकाऱ्यांना एकत्रित पत्र आताच द्यावे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्थापनेच्या संमतीचा अर्ज होईल तेव्हा जनरेटर व पाण्याविषयीचे मुद्दे तिथेही नोंदवावेत. इमारत उभी राहिल्यावर अटी घालायला निघालात, तर नोकऱ्यांचे आश्वासन तेवढे हाती उरेल.