ताण, वागणं आणि मानसिक आरोग्य समजून घ्यायला मानसशास्त्रात बीए करावं का?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की बारावी कॉमर्स झालंय, सतत ताण असतो, स्वतःचं आणि घरच्यांचं वागणं समजून घ्यायचंय म्हणून मानसशास्त्र घ्यायचंय, पण घरचे म्हणतात, "त्यात काय फायदा? ताण सगळ्यांनाच असतो."

घ्या. कॉमर्सनंतर बीएला येता येतं, त्याची काळजी नको. इथे खरं तर उत्तर संपलं असतं, पण घरच्यांचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. "ताण सगळ्यांनाच असतो" हे माझे चुलते, तात्या, गेली कित्येक वर्षं म्हणत आलेत. माझ्या वडिलांच्या तोंडावर म्हणत आलेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिग्मी एजंट होते, म्हणजे पतसंस्थेसाठी दुकानादुकानातून रोजची छोटी बचत गोळा करणारे. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दुपारी चारच्या सुमारास खांद्याला बॅग लावून निघायचे, हातात पावतीचं मशीन, आणि पेठेतल्या एकेका दुकानातून वीस, पन्नास, शंभर गोळा करत दिवेलागणीला परत यायचे. भांडीवाले, सलूनवाले, चहाचा गाडा, देवळाच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या मावशी. पतसंस्थेच्या संचालकांनी आपल्याच माणसांना कर्जं वाटली, ती थकली, आणि एक दिवस शटर खाली आलं ते आलंच. संचालक गावात दिसेनासे झाले. पेठेला माहीत असलेला चेहरा एकच होता, अण्णांचा.

कुणी अंगावर आलं, शिवीगाळ केली, असं फारसं झालं नाही. फुलवाल्या मावशींनी एवढंच विचारलं, "अण्णा, पोरीच्या लग्नाचं होतं ते, कधी मिळतील?" त्यानंतर अण्णा त्या कोपऱ्यावरून जाईनात. मग पेठेतूनच जाईनात. दाढी-कटिंगला शेजारच्या गावात जाऊ लागले. मग एसटीत बसवेना, तेव्हा तेही बंद झालं.

दरम्यान एकदा चौकात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. "मी जातोय आता," एवढंच म्हणत होते. ईसीजी काढला, मिरजेला नेऊन टूडी इको केला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हार्ट उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका." पुढे असे झटके येत राहिले, आणि दर वेळी कुणी तरी हेच सांगितलं, टेन्शन घेऊ नका.

रिपोर्ट चांगले आले याचा अर्थ आमच्या भावकीने असा घेतला की काही झालेलंच नाही. तात्या ओसरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "रिपोर्ट क्लिअर हाय म्हंजे सोंग हाय. लोकं पैसं मागायला येत्यात म्हणून अंथरूण धरलंय." अण्णांनी ऐकलं आणि मान खाली घातली. ती मान मी विसरलेले नाही.

मी तेव्हा एसवायबीएला होते, मानसशास्त्र घेऊन. तात्यांचा त्यालाही विरोध होता. "येड्यांच्या दवाखान्यात बसणार का?" हे मी प्रवेश घेतला त्या दिवशीच ऐकलेलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मानसशास्त्र शिकून काय मिळतं? सिद्धान्त मिळतात, ते पुस्तकातही असतात. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रॅक्टिकलचा. आरशात बघून तारा काढण्याचा प्रयोग प्रत्येकाला करावा लागतो. हात पडद्याआड, कागद फक्त आरशात दिसतो, आणि पेन्सिल उलटीकडेच पळते. प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो, वैतागतो, हसतो, पेन्सिल आपटतो. जर्नलमध्ये कुणी "प्रयोज्य चिडका वाटला" असं लिहिलं की आमच्या मॅडम जर्नल परत करायच्या. किती सेकंद लागले, किती चुका झाल्या, तो काय म्हणाला, एवढंच लिहा. माणसाला नाव ठेवायचं नाही, घडलं ते नोंदवायचं.

मी अण्णांसाठी तशीच वही केली. किती वाजता झालं, कुठे होते, आधी काय घडलं, त्यांनी काय केलं, नंतर काय झालं. आई पण माझ्या मागे नोंदी ठेवायची, तिच्या अक्षरात, कॅलेंडरच्या पाठीमागे. काही आठवड्यांत दिसायला लागलं की झटके बहुतेक चारच्या आसपास येतात. घरात खुर्चीत बसलेले असले तरीही. आणि रविवारी जवळजवळ नाहीतच, कारण रविवारी पिग्मीची फेरी नसायची. सोंग करणारा माणूस घड्याळ आणि वार बघून दरदरून घाम आणू शकत नाही. वर्गात आम्ही तेव्हा पाव्हलॉव्हचं अभिजात अभिसंधान शिकत होतो. खाण्याआधी दर वेळी घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चार वाजल्यावर माणसाचं काळीज कसं धडधडतं ते माझ्यासमोर घडत होतं.

वहीतली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अण्णा अर्ध्या रस्त्यातून परत फिरले की पाच-दहा मिनिटांत बरं वाटायचं. घरचे म्हणायचे, बघा, घरी आला की बरा होतो, म्हणजे ढोंगच. खरी गोष्ट अशी की त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी उंबरा ओलांडणं आणखी अवघड होतं. भीतीची जागा टाळली, त्रास थांबला, म्हणून टाळणं पक्कं झालं. याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि भीतीचे बहुतेक आजार यावरच पोसले जातात. त्यात डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये मांडलेलं चक्र जोडा: छातीत जरा धडधडलं, माणसाने त्याचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावला, त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, आणि अर्थ खरा वाटायला लागला. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका" सांगून काय होणार?

वही घेऊन आम्ही सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती पानन् पान वाचली. निदान केलं, गोळ्या सुरू केल्या, आणि त्यांच्याकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी व्यायाम दिले. पहिला व्यायाम ऐकून आईच घाबरली: गच्चीचा जिना भरभर चढा, मुद्दाम धडधडू द्या, मग खाली बसू नका, पाणी मागू नका, नाडी बघू नका, नुसते उभे रहा. (हृदयाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या म्हणून हे सांगितलं होतं. तपासण्या न करता कुणी हा प्रयोग घरी करू नये.) अण्णा कठड्याला धरून वर आले, शर्ट पाठीला चिकटलेला. "थांबंल का गं हे?" म्हणाले. मी काही बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. ते उभे राहिले आणि धडधड आपोआप उतरत गेली. त्यांच्या शरीराने त्यांना ते दाखवलं. माझ्या शंभर समजुतींनी ते झालं नसतं.

मग ठिकाणांची यादी झाली, सोप्याकडून अवघडाकडे. पेठेच्या तोंडाशी उभं राहणं. एसटीने पुढच्या थांब्यापर्यंत. सलून. सगळ्यात शेवटी फुलवाल्या मावशी. महिने गेले त्यात, मध्ये दोन पावलं मागेही गेलो. पण अण्णा मावशींपर्यंत पोचले, आणि त्यांच्याशी बोलले.

आता तात्यांचा खरा मुद्दा. ते म्हणतात, "माझं पण पैसं बुडालं की तिथं. मी झोपलो का अंथरुणात?" या युक्तिवादाला मानसशास्त्राकडे नीट उत्तर आहे. 1967 मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, लग्न 50, नोकरी जाणं 47, आर्थिक स्थितीतला बदल 38. तात्यांचं गणित तसंच आहे: घटना एक, म्हणून ताण एक. यादी कामाची आहे, पण त्याच घटनेने दोन माणसांचं वेगळं का होतं, हे ती सांगत नाही. ते लाझारस आणि फोकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, 1984 मध्ये. माणूस आधी तोलतो की यात माझं काय पणाला लागलंय, आणि मग तोलतो की मी यावर काय करू शकतो. तात्यांचे पैसे बुडाले. अण्णांचा शब्द बुडाला. पेठेने पैसे संस्थेच्या पाटीकडे बघून दिले नव्हते, अण्णांकडे बघून दिले होते, आणि ते परत करणं अण्णांच्या हातात काडीइतकंही नव्हतं. ताण सगळ्यांनाच असतो, मान्य. सारखा नसतो, आणि तो का सारखा नसतो हे शोधून काढता येतं. तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा.

कोर्सबद्दल थोडक्यात सांगते. बीएच्या तीन-चार वर्षांत "माणसं वाचायला" कुणी शिकवत नाही. संख्याशास्त्र असतं, प्रमाण विचलन आणि सहसंबंध काढावा लागतो, चाचण्या कशा तयार होतात ते असतं, मेंदू आणि मज्जासंस्था असते. ज्यांना फ्रॉइड आणि स्वप्नं एवढंच हवं असतं ते एफवायलाच कंटाळतात. कॉलेज निवडताना प्रयोगशाळा आहे का आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात का, हे शिकणाऱ्या मुलांना विचारा. नुसती जर्नलं उतरवून घेणारी कॉलेजंही आहेत.

बीए झालं की लगेच उपचार करता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षण, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. त्या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलताहेत, तेव्हा परिषदेची आजची यादी बघूनच ठरवा. गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस असतो, ती वाटच वेगळी. मी स्वतः एमए करून शाळेत समुपदेशक आहे, आणि त्या अनुभवावरून स्पष्ट सांगते: दोन शनिवार-रविवारच्या कोर्सवर "समुपदेशक" अशी पाटी लावणाऱ्यांपासून लांब रहा, आणि बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी सांगणारी डीएमआयटी चाचणी विकणाऱ्यांपासून त्याहून लांब. तिला शास्त्रीय आधार नाही. पालक हजारो रुपये देतात आणि पोरांच्या कपाळी नसती लेबलं लागतात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती इथे सांगते. तुम्हाला "सतत ताण असतो" म्हणता. तो झोप, जेवण, अभ्यास खात असेल तर पदवीची वाट बघू नका, आत्ता कुणाला तरी दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. पुस्तक वाचून स्वतःचं निदान करू नका, आणि चालू असलेल्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून मनाने बंद करू नका. "रेकॉर्डला येईल, पोरीचं लग्न जमायचं नाही" हे तात्यांनी आम्हालाही सांगितलं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, 2018 पासून लागू आहे, आणि त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्यातच आहे.

राहिला तात्यांचा शेवटचा दावा, जो ते अजून प्रत्येक लग्नात करतात: "अण्णा बरा झाला तो जोतिबाला जाऊन आल्यावर. गोळ्या-बिळ्या सब झूट." अण्णांची जोतिबावर श्रद्धा आहे, माझीही आहे, आणि तिथून आल्यावर ते खूप हलके झाले होते हे मी स्वतः पाहिलंय. पण तात्या, क्रम बघा. ज्या माणसाला पुढच्या थांब्यापर्यंत एसटीत बसवत नव्हतं, तो वाडी रत्नागिरीपर्यंत, म्हणजे जोतिबाच्या डोंगरापर्यंत, एसटीने गेला आणि गुलालाच्या गर्दीत उभा राहिला. एसटीचा सराव त्याआधी कितीतरी आठवडे चालला होता, आणि जोतिबा त्यांच्या यादीत होता. अण्णांनीच तो लिहायला लावला होता, मावशींच्या आधीच्या ओळीवर. वही अजून आमच्या कपाटात आहे, कधीही या आणि बघा.